एक उतरतं, एक चढतं

६ फेब्रुवारी

साखर, तीन महिन्यांची सरासरी, ८.६. वाईट कोलेस्टेरॉल १८८. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही आकड्यांभोवती लाल गोल काढले. चुकलेल्या गणिताभोवती काढतात तसे.

"काम काय करता?"

"बेकरी आहे आमची. भट्टी मी सांभाळतो."

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि नुसतं माझ्याकडे बघितलं.

दोन गोळ्या लिहून दिल्या. एक साखरेची, एक कोलेस्टेरॉलची. घरी येऊन चिठ्ठी टेबलावर ठेवली, तर हिने चष्मा शोधेपर्यंत लेकीने ती उचलली. लेक जिममध्ये लोकांकडून व्यायाम करून घेते. वय सत्तावीस, पण घरात हुकूम तिचाच. मी तिला कोच म्हणतो. चिडवायला म्हणून सुरू केलं होतं, तिला ते आवडलं. माझंच चुकलं.

"साखरेची घ्या बाबा. दुसरीची काही गरज नाही. आधी खाणं बदलू. मैदा बंद, साखर बंद, भात-बटाटा बंद. मी दोन वर्षं असंच खातेय. बघा माझ्याकडे."

बघितलं. तिचे दंड माझ्यापेक्षा भरलेले आहेत. काय बोलणार?

डॉक्टरीणबाईंना फोन केला. आकडा पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाल्या, "मला पटत नाही, पण तीन महिने देते. आकडा वर गेला तर मात्र माझं ऐकायचं. कबूल?"

कबूल म्हटलं. दोन बायकांच्या मधे सापडलो की मी सगळंच कबूल करतो. आणि घरात तिसरी आहेच.

७ फेब्रुवारी

स्वयंपाकघराची झडती झाली. बिस्किटं, मुरंबा, मध, बटाटे — सगळं एका पिशवीत भरून कोचने शेजारी दिलं. शेजारीण खूश. ही म्हणाली, "मला साखर नाहीये, मग माझा मुरंबा का गेला?" कोच म्हणाली, "आई, साथ द्यायची असते." ही संध्याकाळपर्यंत बोलली नाही. कोणाशीच.

८ फेब्रुवारी

सकाळी अंडी, लोणी, काकडी. दुपारी मासे, लोणी, कोबी. संध्याकाळी चीज आणि पुन्हा काकडी. लोण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्यावर ते लावायचं, ते कुठे आहे?

११ फेब्रुवारी

डोकं ठणकतंय. हातपाय गळून गेलेत. "होतं असं सुरुवातीला, मीठ घालून पाणी प्या," म्हणाली कोच. प्यालो. आता डोकं ठणकतंय आणि तोंड खारट आहे.

भट्टीसमोर उभा राहिलो तर ताजा वास थेट पोटात जातो. आयुष्यभर या वासाचं मला काही वाटलं नव्हतं. ताई काउंटरवरून ओरडली, "ट्रे काढतोयस की नुसता हुंगतोयस?" ताई म्हणजे थोरली बहीण. थोरला भाऊ, दादा, गेल्यापासून बेकरीत आम्ही दोघंच. ती पुढे, मी मागे. बासष्टची झाली, अजून तिच्या नजरेतून एक पाव सुटत नाही.

१५ फेब्रुवारी

चव घेतल्याशिवाय माल पुढे पाठवता येत नाही. मीठ कमी पडलंय का, खमीर जास्त फुगलंय का, हे डोळ्यांनी कसं कळणार? म्हणून आज युक्ती केली. तुकडा तोडायचा, चावायचा, थुंकायचा. तिसऱ्या तुकड्याला मागे वळलो तर ताई दारात.

"काय करतोस?"

"चव घेतोय."

"आपल्याच पावावर थुंकतोस?"

कोचचं सगळं समजावून सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गिऱ्हाइकाने बघितलं तर उद्यापासून तुलाच थुंकलेला पाव खावा लागेल, कारण दुसरं कोणी घेणार नाही." गेली. परत आली. "आणि मीठ कमीच आहे."

२ मार्च

कोचच्या सांगण्यावरून बदामाच्या पिठाचा ब्रेड केला. मैदा नाही, साखर नाही, अंडी मात्र भरपूर. चाळीस वर्षं या हातांनी पीठ मळलं, म्हटलं यात काय अवघड आहे. फुगलाच नाही. साच्यातून काढला तर टेबलावर ठक्क आवाज आला. ताईने तो उचलून हातात तोलला. "दाराला लावायला बरा आहे. वाऱ्याने सारखं आपटतं."

खरंच लावला. दिवसभर दार हललं नाही.

कोचला सांगितलं तर ती हसली नाही. "पुढच्या वेळी अंडी नीट फेटा," म्हणाली.

१९ मार्च

पट्ट्याला नवीन भोक पाडलं. उपाशीपोटीची साखर ११२. गेल्या महिन्यात १७० च्या घरात होती. कोचने माझा फोटो काढला — बाजूने, पोट दिसेल असा — आणि जिममधल्या लोकांना दाखवला. एक गृहस्थ बेकरीत येऊन माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुम्ही आमचं प्रेरणास्थान आहात." आणि अर्धा किलो केक घेऊन गेले.

बरं वाटलं, खोटं का बोलू. जिना चढताना पूर्वीसारखी धाप लागत नाही. दुपारी डोळे मिटत नाहीत. ही म्हणाली, "घोरणं पण कमी झालंय." म्हणजे मी घोरत होतो, हे आज कळलं.

४ एप्रिल

काही नाही. अंडी.

८ मे

रिपोर्ट आला. आधी साखर बघितली — ६.३! हातातला कागद नाचवत हिला दाखवला. हिने चष्मा लावला, वरून खालपर्यंत शांतपणे वाचलं आणि बोट ठेवलं. "हे काय आहे?"

वाईट कोलेस्टेरॉल २८७.

दोनदा वाचलं. १८८ चं २८७. तीन महिने कोबी खाऊन! पाव थुंकून!

कोच आली. कागद बघितला. क्षणभर थांबली, मग नेहमीच्या आवाजात सुरू झाली. "साखर बघा ना बाबा. ट्रायग्लिसराइड बघा, निम्मं झालंय. चांगलं कोलेस्टेरॉल वाढलंय. काहींचा तो एक आकडा वाढतो या खाण्यात, त्याचं एवढं मनावर घ्यायचं नाही. मी शंभर जणांचे अनुभव ऐकलेत."

"त्या शंभर जणांच्या छातीत दुखलं तर फोन तू घेणार का?" ही म्हणाली.

त्यावर कोचने कागद खाली ठेवला.

१२ मे

डॉक्टरीणबाईंनी ओरडायला हवं होतं. ओरडल्या नाहीत. "साखरेसाठी शाबासकी," म्हणाल्या. "खरंच. एवढी शिस्त फार कमी लोकांत असते. आता ही दुसरी गोष्ट." कोलेस्टेरॉलची गोळी पुन्हा लिहायला घेतली.

मी म्हटलं, बाई, मी एवढं केलं ते गोळी घ्यायला लागू नये म्हणूनच केलं. माझा आवाज जरा चढलाच. मला स्वतःला ऐकू आला.

त्या म्हणाल्या, "ठीक. शेवटची सवलत. लोणी आणि चीज जवळजवळ बंद. तेल वापरा, मासे खा, अक्रोड-बदाम खा, घेवड्याचे दाणे आणि वाटाणे खा. पिठाकडे वळू नका. दोन महिन्यांनी या. पण धोक्याची जबाबदारी अर्धी तुमची, हे लक्षात ठेवा."

कबूल झालो. आता मला कबूल होण्याचीही चीड यायला लागली आहे.

१३ मे

लोणीही गेलं.

३० मे

घेवडा खाल्ला की साखर चढते. फार नाही, पण चढते. १२६. काल १२९. घेवडा कमी केला की पोट भरत नाही. पोट भरलं नाही की मी चिडतो. आज ताईवर चिडलो. तिने पावाचा भाव फळ्यावर चुकीचा लिहिला एवढंच. तिने फळा पुसला, नीट लिहिला. तासाभराने मागे आली, माझ्यासमोर वाटीभर अक्रोड ठेवले. "खा. माणसात ये."

एक उतरतं, एक चढतं. या टोकाला दाबावं तर ते टोक वर. मी माणूस आहे की लहान मुलांच्या बागेतली सी-सॉची फळी?

१४ जून

कोचने डॉक्टरीणबाईंच्या यादीकडे बघून नाक मुरडलं. तिच्या ताटात चार अंडी आणि लोण्याचा गोळा. माझ्या ताटात वाटाणे. समोरासमोर बसून जेवलो. ही मधे बसली, मुरंबा लावलेला टोस्ट खात. मुरंबा पुन्हा घरात आला आहे.

४ जुलै

२४१.

कमी झालं, पण किती? दोन महिने लोण्याचा कण तोंडात नाही, तरी २४१. मी रिपोर्ट डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "आता काय सोडू? पाणी?"

त्या हसल्या नाहीत. रिपोर्ट बघितला, जुने काढले, शेजारी शेजारी ठेवले. मग म्हणाल्या, "बूट-मोजे काढा."

"कशाला?"

"काढा तर."

टेबलावर बसवून टाचेच्या वरची शीर चिमटीत धरली. दोन्ही पायांची. बराच वेळ दाबून बघत होत्या. "ही एवढी जाड कधीपासून आहे?"

मला काय माहीत? माझी टाच मी कधी बघतो! दिवसभर उभं राहून होत असेल म्हटलं.

"घरात कोणाला हृदयाचं काही?"

नाही म्हटलं. मग म्हटलं, दादा गेला, पण तो उष्णतेने. भट्टीसमोर पीठ मळता मळता पडला. उठलाच नाही.

"वय?"

"त्रेचाळीस."

"आणि वडील?"

"ते पन्नाशीच्या आत. ते पण भट्टीसमोरच." हे बोलताना माझ्या मनात काही नव्हतं. आमच्या घरात असंच बोलतात — भट्टीने नेलं. डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या.

"भट्टीने माणूस असा जात नाही हो," म्हणाल्या. आवाज एकदम मऊ झाला होता, त्याचीच मला भीती वाटली. "तुमची साखर खाण्याने वाढली असेल. पण हे कोलेस्टेरॉल तुमच्या रक्तातूनच आलेलं दिसतंय. घराण्यातूनच. टाचेच्या शिरेत साचलंय तेही हेच. लोण्याने ते आणखी वर गेलं, म्हणून आता नजरेत भरतंय. नुसतं खाणं बदलून हे पुरतं खाली यायचं नाही. तुमचा दोष नाही यात."

तुमचा दोष नाही! पाच महिने मी स्वतःला शिव्या घालतोय.

"गोळी आजपासून. हृदयाच्या तपासण्या याच आठवड्यात. आणि बहीण, मुलं — सगळ्यांची रक्ततपासणी. मुलांमध्ये निम्म्यांना येतं हे."

"एकच मुलगी आहे. ती जिममध्ये शिकवते. तब्येत एकदम उत्तम."

"तुमचे दादा कसे होते तब्येतीने?"

मी मोजे घातले.

५ जुलै

पहिली गोळी घेतली. एवढीशी. हिच्यासाठी एवढा तमाशा केला मी.

९ जुलै

ताईला सांगितलं. वाटलं होतं उडवून लावेल. "भट्टीने नाही?" एवढंच विचारलं. मी मान हलवली. ती कितीतरी वेळ मळायच्या टेबलाकडे बघत उभी होती. दादा पडला तेव्हा तीच जवळ होती. मग पदर खोचला आणि म्हणाली, "मला वाटायचं, खिडकी आधी मोठी करून घेतली असती तर तो राहिला असता. बावीस वर्षं वाटतंय."

उद्या सकाळी रक्त द्यायला जाते म्हणाली.

१२ जुलै

ताईचं सगळं नॉर्मल! या वयात! रोज दुपारी चहाबरोबर केक खाते. रिपोर्ट काउंटरच्या काचेवर चिकटवणार होती, मी अडवलं.

माझ्या हृदयाचीही तपासणी झाली. एका नळीत थोडं साचलंय, सध्या औषधावर भागेल म्हणाले. थोडं म्हणजे किती ते मी विचारलं नाही. हिने विचारलं. मला अजून सांगितलेलं नाही.

१६ जुलै

कोचला विचारलं. म्हटलं, एक रक्ततपासणी करून टाक, चार मिनिटांचं काम.

"आत्याचं नॉर्मल आलं ना? मग झालं."

"आत्याचं वेगळं, तुझं वेगळं."

"बाबा, मी रोज दीड तास व्यायाम करते. माझ्या अंगावर चरबी नाही. मला कसली भीती घालता?"

"भीती नाही घालत. तपास म्हणतोय."

"तुम्ही त्या बाईंचं ऐकायला लागलात आणि माझं सोडलंत. साखर कोणी उतरवली तुमची? त्यांनी?"

साखर तिनेच उतरवली, हे खरं आहे. तसं म्हटलंही. पण तोवर ती खोलीत गेली होती.

२० जुलै

बोलत नाही. ताट घेऊन खोलीत जाते. ही म्हणते, "जरा दम धरा." मी दम धरून थकलोय. दादाचा चेहरा आठवतो, आणि त्याचे खांदे. ताई आणि मी मिळून ओढायचो ती पोती तो एकटा उचलायचा. मोहल्ल्यात त्याच्याइतका दणकट कोणी नव्हता. हे डॉक्टरीणबाईंना सांगायला हवं होतं. त्यांना बहुतेक न सांगताच कळलं.

३ ऑगस्ट

आज डोकं फिरलं. सकाळी कोच पेला भरून कॉफी घेऊन बसली, त्यात लोण्याचा गोळा वितळत होता. मी पेला उचलला आणि मोरीत ओतला. ती बघतच राहिली. मीही.

"हे काय आहे बाबा?"

त्रेचाळीस, असं काहीतरी म्हणालो. ती उठून निघून गेली. तिला वाटलं असेल बाप वेडा झाला. पेला विसळून जागेवर ठेवला आणि बेकरीत आलो. दिवसभराचा माल खारट झाला.

१८ ऑगस्ट

माझा रिपोर्ट. साखर ६.२. वाईट कोलेस्टेरॉल ११८! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून खाली आणू, पण सुरुवात उत्तम. दोन्ही आकडे एकदम उतरले, पहिल्यांदाच. वाटाणे खाऊनसुद्धा. बुधवारी एक छोटा पाव खायची परवानगी मिळाली, तोही भरड पिठाचा.

आनंद व्हायला हवा होता. घरी येऊन कागद टेबलावर ठेवला. नाचवला नाही.

रात्री जेवताना पाहिलं तर कागद जागेवरून हललेला होता. हिने सांगितलं, कोचने वाचला. काही बोलली का विचारलं. "नाही. पण दोनदा वाचला."

२३ ऑगस्ट

कोच बेकरीत आली होती. माझ्याकडे नाही, आत्याकडे. मी मागून ऐकत होतो, म्हणजे मुद्दाम नाही, ट्रे तिथेच असतात. मैद्याची गाडी आली होती. तिने आपणहून एक पोतं खांद्यावर घेतलं आणि सरळ आत आणून टाकलं. ताई बघत होती.

"दादा अस्साच उचलायचा," म्हणाली. "वाकायचा पण नाही. आदल्या दिवशी बारा पोती आत टाकली होती त्याने."

"कशाच्या आदल्या दिवशी, आत्या?"

ताईने तिला चहा दिला. कोचने साखर नको म्हटलं आणि उभ्या उभ्या प्यायली. जाताना माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं. बस्स.

२ सप्टेंबर

दुपारी कोचचा फोन. "बाबा, दोनशे चौपन्न." मला वाटलं काहीतरी उचललं असेल जिममध्ये, वजन सांगतेय. शाबास म्हणणार होतो.

"वाईट कोलेस्टेरॉल. माझं."

भट्टी चालू होती, नीट ऐकू येत नव्हतं. बाहेर आलो. तिने विचारलं, "तुमच्या त्या डॉक्टरीणबाई शनिवारी असतात का?"

असतात म्हटलं. मी पण येतो म्हटलं.

नको म्हणाली नाही.